मिनी पीसी घेताय? लॅपटॉप समजून घ्या

आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. हा सीपीयू अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा होऊन टेबलावर आला की घरात सगळे खूश होतात. मग आठवडाभरात कुरकुर सुरू होते. एवढ्याशा डब्याचा पंखा केवढा वाजतो! पेनड्राइव्ह लावायला जागाच उरली नाही. लाइट गेली की बंद पडतो. दुकानदाराने २५६ जीबी सांगितलं होतं, इथे २३८ च दिसतात.

यातल्या निम्म्याअधिक तक्रारी चुकीच्या अपेक्षेतून येतात. मिनी पीसी डेस्कटॉप म्हणून विकला जातो, पण झाकण उघडलं की आत बहुतेक वेळा लॅपटॉपच निघतो: लॅपटॉपची आखूड रॅम, कमी वॅटचा प्रोसेसर, चपटा पंखा आणि बाहेर लोंबणारा ॲडॉप्टर. पडदा, कीबोर्ड, बॅटरी, कॅमेरा आणि माइक तेवढे काढून घेतलेले. तेव्हा लॅपटॉपकडून जी अपेक्षा ठेवाल तीच याच्याकडून ठेवा, आणि काढून घेतलेल्या वस्तूंचा खर्च आधीच बजेटमध्ये धरा.

ही फसगत जुनीच आहे. जानेवारी २००५ मध्ये ॲपलने पहिला मॅक मिनी ४९९ डॉलरला आणला, तेव्हाही खोक्यात पडदा, कीबोर्ड, माउस यांतलं काही नव्हतं. आत २५६ एमबी रॅम आणि ४० जीबीची हार्डडिस्क. रॅम वाढवायची तर पुट्टी लावायची पातळ पत्ती फटीत घालून झाकण उचकटावं लागे.

आधी पोर्ट मोजा, मग प्रोसेसर बघा

दुकानात जाण्याआधी सध्याच्या कॅबिनेटच्या मागे वाकून कोणकोणत्या वायरी लागल्यात ते कागदावर उतरवा. घरच्या वापरात चार यूएसबी पुरतात. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा सीएचं ऑफिस असेल तर कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि वेबकॅम मिळून सात होतात. बहुतेक मिनी पीसींना यूएसबी चार ते सहाच असतात. मग हब येतो, आणि तिथेच गडबड होते. साध्या हबला स्वतःची वीज नसते. यूएसबी ३ चं एक पोर्ट ९०० मिलीॲम्पिअर आणि यूएसबी २ चं ५०० मिलीॲम्पिअर देण्यासाठी बनवलेलं असतं, आणि हबवर लावलेल्या सगळ्या वस्तू तेवढ्यातच भागवतात. पोर्टेबल हार्डडिस्क मध्येच 'टिंग' करून गायब होते ती यामुळेच. कीबोर्ड आणि माउस हबवर टाका. अंगठ्याचं मशीन, टोकन आणि हार्डडिस्क थेट यंत्राला लावा. एवढ्याने भागत नसेल तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या.

टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून त्यावर मॉनिटर चालेलच असं नाही. स्वस्त यंत्रांत ते बहुधा फक्त डेटासाठी असतं. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का पाहा. चिन्ह नसेल आणि माहितीपत्रकातही स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर नाही असंच समजा.

प्रोसेसरचं म्हणाल तर स्वस्तातल्या मिनी पीसींत इंटेलचा एन१०० खूप दिसतो. २०२३ च्या सुरुवातीला आलेला, चार कोअरचा, ६ वॅटचा. टॅली, एक्सेल, सरकारी पोर्टलवरचे फॉर्म, ऑनलाइन क्लास, फोर-के व्हिडिओ पाहणं एवढं तो निवांत करतो. व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फ्लेक्सची कोरलड्रॉ फाइल किंवा अलीकडचे गेम ही त्याची कामं नाहीत आणि रॅम वाढवून ती होणारही नाहीत. यात रॅमचं चॅनेल, म्हणजे डेटाची वाट, एकच असते आणि इंटेलची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे. ८ जीबीवाला घेऊन 'नंतर बघू' म्हणणार असाल तर एकच प्रश्न विचारा: रॅम स्लॉटमध्ये आहे की बोर्डावर सोल्डर केलेली? '१२ जीबी एलपीडीडीआर५' असं लिहिलं असेल तर ती सोल्डर केलेलीच असते. म्हणजे जन्मभर १२.

एएमडीचा रायझनवाला किंवा मोठा इंटेल घेत असाल तर १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. या यंत्रांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि एकाच स्टिकवर त्याला डेटाची निम्मीच वाट मिळते. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो, टॅलीत अजिबात नाही.

'बेअरबोन' हा शब्द पाहून किंमत स्वस्त वाटते. त्याचा अर्थ रॅम नाही, एसएसडी नाही, विंडोज नाही. तिन्हींची किंमत मिळवा आणि मग तुलना करा. स्टोरेजच्या रकान्यात 'ईएमएमसी' असेल तर ते यंत्र सोडून द्या. ती मेमरी हळू असते, बोर्डावर पक्की असते, आणि ती गेली की बहुतेक वेळा बोर्डच बदलावा लागतो.

ऑफिसातून निघालेला माल

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन 'रिफर्बिश्ड' म्हणून मिळणारे लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी हा खरं तर बऱ्याच जणांसाठी जास्त चांगला सौदा असतो. बांधणी दणकट, सुटे भाग मिळतात, झाकण एकदोन स्क्रूंत निघतं. पण प्रोसेसरचा आकडा नीट वाचा. आय५-६५००टी आणि आय५-८५००टी कानाला सारखेच वाटतात. पहिल्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, दुसऱ्याला चालतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचंच घ्या. शेवटचा 'टी' म्हणजे ३५ वॅटचा, थंड ठेवलेला प्रोसेसर. मोठ्या कॅबिनेटमधल्या बिनटीच्या ८५०० एवढा तो सतत धावणार नाही.

ॲडॉप्टर मूळ कंपनीचाच मागा. डेलच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून यंत्र ॲडॉप्टरची ओळख पटवून घेतं. डुप्लिकेट ॲडॉप्टरची ओळख पटली नाही तर यंत्र सुरू होतं, पण प्रोसेसर सर्वांत खालच्या वेगावर अडकून राहतो. मग लोक रॅम बदलतात, फॉरमॅट मारतात, आणि दोष असतो पिनेत.

दुसरी छोटीशी गोष्ट आतल्या बटणसेलची. सीआर२०३२ हा सेल पाचसात वर्षांत उतरतो. मग प्लग काढला की घड्याळ मागे जातं, आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं ओरडायला लागतो. नेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहा. घड्याळाच्या दुकानात हा सेल सहज मिळतो. काही यंत्रांत तो वायर आणि चिमुकल्या सॉकेटसह येतो, तेव्हा जुना सोबत न्या.

मॅक मिनीबद्दल थोडं

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेला एम४ चिपचा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. वेगाबद्दल कोणी निराश होत नाही. निराशा होते ती तीन ठिकाणी. एक, जुनं चौकोनी यूएसबी एकही नाही, सगळी टाइप-सी. म्हणजे पेनड्राइव्ह, प्रिंटर, टोकन सगळ्यांसाठी हब किंवा कन्व्हर्टर लागतो. दोन, चालू करायचं बटण खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात आहे. रोज बंद करण्याऐवजी तो झोपवून ठेवला तर हे बटण फारसं लागत नाही. तीन, साठवण. भारतात २५६ जीबीवाला ५९,९०० ला आणि ५१२ जीबीवाला ७९,९०० ला आला. म्हणजे वरच्या २५६ जीबीचे वीस हजार. बहुतेकांनी २५६ घ्यावा आणि फोटो-व्हिडिओ बाहेरच्या एसएसडीवर ठेवावेत. रॅमला मात्र असा दुसरा रस्ता नाही. ती चिपमध्येच बसवलेली असते. १६ जीबी पुरणार नाही असं वाटत असेल तर विकत घेतानाच २४ घ्या.

पहिला दिवस: खोकं फेकू नका

माल परत करायची मुदत बहुधा सातच दिवसांची असते. त्यात पुढच्या तपासण्या उरका. सगळं मिळून दोन तास लागतात.

पहिल्यांदा सुरू करताना वायरचा कीबोर्ड जवळ असू द्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही. बेअरबोनमध्ये नवी डीडीआर५ रॅम टाकली असेल तर पहिल्या वेळी पडदा दोनतीन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ काळाच राहतो. यंत्र रॅमची जुळणी करत असतं. घाबरून बटण दाबून धरलं की ती जुळणी पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटं हात लावू नका.

विंडोज आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी. रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. १६ ऐवजी १५.७ किंवा रायझनमध्ये १४ च्या आसपास 'वापरण्याजोगी' दिसली तर फसवणूक झालेली नाही, उरलेली ग्राफिक्सने राखून ठेवली आहे. २५६ चे २३८ कसे होतात तेही इथेच सांगून टाकतो: कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ५१२ चे ४७६ दिसतात. एकही बाइट चोरीला गेलेला नसतो.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडून एसएसडीचे चालू तास पाहा. 'नव्या' यंत्रात हजारो तास दिसले तर त्याच दिवशी फोटो काढून परत पाठवा. वेगाच्या आकड्यावरून मात्र भांडू नका. जुन्या पद्धतीची साटा एसएसडी सेकंदाला ५०० ते ५५० एमबी वाचते, नव्या पद्धतीची चांगली एनव्हीएमई ३५०० किंवा त्याच्याही पुढे जाते, आणि छोट्या यंत्रांत डेटाच्या वाटा (लेन) कमी असल्याने तीच एनव्हीएमई त्याच्या निम्म्यावर किंवा चौथाईवर येते. रोजच्या कामात या तिघींतला फरक ओळखून दाखवणं कठीण आहे.

विंडोजचं लायसन तपासायला विसरू नका. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग मोकळी जागा, तिरकी रेघ (/), डी-एल-आय असं टाइप करून एंटर मारा. खिडकीत 'ओईएम' किंवा 'रिटेल' आलं तर ठीक. 'व्हॉल्यूम केएमएस' आलं तर ते एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेलं लायसन आहे, त्याची मुदत १८० दिवसांची असते. आज 'ॲक्टिव्हेटेड' दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

शेवटी ताण देऊन बघा. प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सिनेबेंच हे सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पहिल्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला लिहून ठेवा. हे प्रोसेसर पहिली काही सेकंदं जोरात पळतात, मग ठरलेल्या वॅटवर येतात. थोडी घसरण असणारच. वेग निम्म्यावर आला आणि तापमान ९५ ते १०० अंशांना टेकलं तर पंखा, थर्मल पेस्ट किंवा जागा यांपैकी काहीतरी चुकतंय. ही चाचणी भर दुपारी घ्या. जानेवारीतल्या नाशिकमध्ये पास झालेलं यंत्र मे महिन्यातल्या अकोल्यात नापास होऊ शकतं.

ठरलेल्या तक्रारी

वायरलेस माउस अडखळतो, कर्सर उड्या मारतो. जवळपास नेहमी कारण एकच: माउसचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, आणि शेजारच्या पोर्टात हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, आणि माउस, ब्लूटूथ, जुनं वायफाय सगळे तिथेच बोलत असतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये ही पोर्टं लांब असतात, इथे ती खेटून आहेत. डोंगल यूएसबी २ मध्ये, शक्यतो दुसऱ्या बाजूला लावा. नसेल जमत तर फूटभराची यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल बाहेर काढा. वायफायसाठी राउटरवरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा.

फोर-के टीव्ही लावला आणि सगळं जड जड वाटतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. ३० दिसत असेल तर यंत्राचं पोर्ट, वायर किंवा टीव्हीचं पोर्ट यांपैकी काहीतरी एचडीएमआय १.४ च्या मर्यादेत अडकलंय. आधी वायर बदला. 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली घ्या. मग टीव्हीचं दुसरं पोर्ट. तरीही ३० च राहिलं तर रिझोल्यूशन १०८० वर आणून ६० घ्या, डोळ्यांना तेच बरं वाटतं.

आवाजच येत नाही. बऱ्याच मिनी पीसींत स्पीकरच नसतो, आणि विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवत बसतं, ज्याला स्पीकर नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदला.

पंखा वाजतो. एवढ्याशा जागेत छोटाच पंखा बसतो, आणि छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरावं लागतं. आधी जागा बघा: चारी बाजूंना चार बोटं मोकळी हवीत. देव्हाऱ्याशेजारच्या बंद कपाटात किंवा टीव्ही युनिटच्या खणात ठेवला तर तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो. नंतर बायोसमध्ये 'क्वायट' किंवा 'बॅलन्स्ड' निवडा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' हा पर्याय दिसत असेल तर तो १०० वरून ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचं जोरात पळणं, बंद होतो, वेग थोडा उतरतो आणि पंखा शांत होतो.

धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. हे ॲडॉप्टरमधून येणाऱ्या अगदी सूक्ष्म गळतीमुळे होतं आणि घरातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर जाणवतं. वायरमनला बोलवा, स्टिकर चिकटवून भागवू नका. ॲडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा.

मॉनिटरच्या मागे टांगायचा तर मागची भोकं मोजा: ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चौकोन लागतो, स्क्रू एम४ चे. काही मॉनिटरांचा स्टँडच त्या भोकांत बसवलेला असतो, तिथे हा बेत फसतो. टांगल्यावर बटणापर्यंत हात पोचत नाही, म्हणून आधीच बायोसमध्ये कीबोर्डवरून सुरू करायची सोय आहे का बघा.

झाकण उघडताना

वायर काढा, बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज संपवा, धातूच्या नळाला हात लावून घ्या. झाकण सरळ उपटू नका. ते दोन सेंटिमीटर उचला आणि फटीतून बघा. बऱ्याच यंत्रांत झाकणाला २.५ इंची डिस्कची कागदासारखी पट्टी किंवा वायफायच्या दोन केसाएवढ्या वायरी चिकटलेल्या असतात. त्या वायरी तुटल्या किंवा सुटल्या की बाकी सगळं चालतं, फक्त वायफाय राउटरच्या खोलीबाहेर जात नाही, आणि लोक राउटर बदलतात. सुटलेली वायर तीळाएवढ्या सोनेरी टिकलीवर बरोबर मध्ये ठेवून नखाने दाबा, बारीक 'टक' ऐकू येतं.

रॅम तिरकी घालून पुरती आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे चिमटे लागले पाहिजेत आणि सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवी. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका. पट्टीसारखी एम.२ एसएसडी तिरकी घाला, मागचं टोक दाबून स्क्रू लावा. तो स्क्रू इतका छोटा असतो की खाली पांढरं फडकं अंथरूनच काम करा. उष्णता वाहून नेणारं थर्मल पॅड लावताना त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढा. दोन बाजूंना दोन कागद असतात, एक राहून जातो आणि एसएसडी भाजत बसते.

विंडोज नव्याने टाकणार असाल तर जुनं पुसण्याआधी वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ चं सेटअप मध्येच इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हरशिवाय नेट येत नाही. ऐनवेळी अँड्रॉइड फोन वायरने लावून यूएसबी टेदरिंग सुरू केलं तर बहुधा काम होतं.

लाइट गेली की

लॅपटॉपची सवय असलेल्यांना हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण बॅटरी नाही हे लक्षातच येत नाही. पण वीज इतकी कमी लागते की उपाय स्वस्त आहे. एन१०० वाला आणि २० वॅटचा मॉनिटर मिळून ३५ वॅटच्या आसपास जातात. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ती नवी असताना पाऊण तास सहज काढते. राउटरच्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवरही काही मिनी पीसी चालतात, पण आधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलेल्या यंत्राला २ अँपिअरचा यूपीएस ऐन ताणात बंद पाडतो, आणि १९ किंवा २० व्होल्टवाल्याला हा यूपीएस लावूच नका. पिनही तपासा: राउटरच्या पिनचं भोक बहुधा २.१ मिलिमीटर आणि बऱ्याच मिनी पीसींचं २.५ असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण २.१ ची पिन २.५ वाल्या यंत्रात जात नाही.

दुकानाचा बिलिंगचा किंवा कॅमेऱ्यांचा पीसी असेल तर बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा अर्थाचा पर्याय 'पॉवर ऑन' करून ठेवा. मग लाइट आली की यंत्र आपोआप सुरू होतं. चोवीस तास चालू राहिलं आणि सरासरी १० वॅट घेतले तरी महिन्याला ७.२ युनिट होतात. ६० वॅट खाणारा जुना कॅबिनेट तेवढ्याच वेळात ४३ युनिट घेतो.